रिकामा वाटलेला स्लॉट : सामाईक डीएमआर रिपीटरवरचे एक प्रकरण

नेट म्हणजे हौशी रेडिओधारकांची ठरलेल्या वेळी हवेत भरणारी हजेरी-बैठक, आणि ती चालवणारा तो नेट कंट्रोल. एका संध्याकाळी नेट कंट्रोलने एका केंद्राला तीनदा पुकारले. तिन्ही वेळा उत्तर आले नाही. 'अनुपस्थित' अशी नोंद करून तो पुढच्या कॉलसाइनकडे, म्हणजे पुढच्या केंद्राच्या परवान्यावरच्या ओळखीकडे, वळला. त्या केंद्राचा ऑपरेटर मात्र त्या वेळी रेडिओसमोरच बसला होता. पीटीटी (बोलताना दाबून धरायचे बटण) दाबली की रेडिओ नकाराचा सूर काढायचा आणि प्रसारण सुरूच व्हायचे नाही. त्याच रिपीटरवरच्या (आलेला संकेत पुन्हा दूरवर प्रसारित करणाऱ्या सामाईक केंद्रावरच्या) आणखी एका केंद्राची हीच गत झाली. नेट संपेपर्यंत या दोघांची खात्री पटली होती, की आपल्याला जाणूनबुजून वगळले जात आहे. नेट कंट्रोललाही तितकीच खात्री होती, की हे दोघे हजेरी लावतात आणि निघून जातात. ज्याच्यामुळे हे घडले त्या नवख्या परवानाधारकाला या दोन्ही खात्र्यांचा पत्ता नव्हता. तो आपला नवा हँडसेट चालतो की नाही, एवढेच पाहत होता.

हे कोणा एका रिपीटरचे वृत्त नाही. सामाईक डिजिटल नेटवर्कवर पुन्हापुन्हा घडणाऱ्या गोष्टी मी एका संध्याकाळीत गुंफल्या आहेत. म्हणून कॉलसाइन नाहीत, गावे नाहीत. तांत्रिक भाग मात्र जसाच्या तसा आहे. असे प्रकरण मुद्दाम निवडण्याचे कारण असे, की यात वाईट वागण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. प्रत्येक जण आपल्यापरीने शिष्टाचार पाळत होता आणि तरीही नेट मोडले.

मांडणी

डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) हे ईटीएसआय या युरोपीय संस्थेचे मानक २००५ मध्ये आले, तेही व्यावसायिक रेडिओसाठी. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींनी ते नंतर आपलेसे केले. १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलमध्ये आळीपाळीने येणारे दोन टाइमस्लॉट, प्रत्येक ३० मिलिसेकंदांचा. त्यामुळे एक रिपीटर एकाच वारंवारतेवर दोन स्वतंत्र संभाषणे पेलतो. प्रत्येक संभाषणाला टॉकग्रुपचा क्रमांक असतो आणि इंटरनेटवरून जोडलेल्या रिपीटरांमध्ये त्या क्रमांकानुसार आवाज वाटला जातो.

नवख्याच्या ध्यानात पटकन न येणारी गोष्ट पुढे आहे. टॉकग्रुप हजारो, स्लॉट दोनच. रेडिओच्या पडद्यावर 'प्रादेशिक', 'जागतिक', 'स्थानिक' अशी वेगवेगळी चॅनेल दिसतात, म्हणून त्या वेगवेगळ्या जागा आहेत असे वाटते. पण ती तिन्ही चॅनेल स्लॉट २ वर असतील, तर हवेत जागा एकच असते. त्यातला एक टॉकग्रुप चालू असेपर्यंत बाकीचे बाहेर थांबतात.

या रिपीटरवर स्लॉट २ ला प्रादेशिक टॉकग्रुप कायमचा जोडलेला होता, आणि नेट त्याच गटावर भरत असे. त्याशिवाय कोणीही बटण दाबून दुसरा टॉकग्रुप त्या स्लॉटवर ओढून आणू शकेल, अशी मुभा रिपीटरच्या मालकाने ठेवली होती. ही मुभा उदार मनाने दिलेली असते आणि बऱ्याच ठिकाणी असते. ब्रँडमाइस्टरसारख्या, रिपीटरांना इंटरनेटवरून जोडणाऱ्या नेटवर्कवर असा ओढून आणलेला टॉकग्रुप शेवटच्या स्थानिक दाबापासून साधारण दहा-पंधरा मिनिटे जोडलेला राहतो. तेवढ्या वेळात त्या टॉकग्रुपवर जगात कुठेही कोणी बोलले, की स्लॉट मोकळा सापडताच ते बोलणे या रिपीटरवरून हवेत जाते.

आणखी एक लहानशी बाब : एकाचे बोलणे संपल्यावर उत्तराची वाट पाहत रिपीटर काही सेकंद त्याच टॉकग्रुपसाठी स्लॉट धरून ठेवतो. याला हँग टाइम म्हणतात. इथे तो दोन सेकंद ठेवलेला होता. पुढे सारे याच दोन सेकंदांवर अडले.

त्या संध्याकाळी

नवख्याने दुसऱ्या कोणाकडून तयार कोडप्लग, म्हणजे रेडिओत भरायची चॅनेल आणि सेटिंगांची फाइल, घेतला होता. त्यात पुष्कळ चॅनेल, बहुतेक सगळी स्लॉट २ वर. कोणते चालते हे पाहायला तो एकेक चॅनेल लावत होता आणि क्षणभर पीटीटी दाबून सोडत होता. मध्येच नकाराचा सूर आला, की हँडसेटमध्येच काही खोट असावी असे समजून पुन्हा दाबत होता. त्याने प्रसारणाची अट 'कलर कोड मोकळा असेल तरच' (त्या रिपीटरच्या ओळख-क्रमांकाचा संकेत स्लॉटवर चालू नसेल तरच) अशी ठेवलेली होती, म्हणजे सेटिंग अगदी योग्य होते. नेट चालू असताना त्याचा रेडिओ प्रसारण नाकारत होता, तो त्यामुळेच.

नेट कंट्रोल शिस्तीचा माणूस. प्रत्येक बोलण्यानंतर तो तीन सेकंद थांबत असे, कोणाला तातडीने मध्ये यायचे असेल तर वाट मिळावी म्हणून. सवय उत्तमच. पण हँग टाइम दोन सेकंदांचा आणि थांबणे तीन सेकंदांचे. मधल्या एका सेकंदात स्लॉट खरोखर कोणाचाच नसे. नवख्याचा एक दाब नेमका त्या फटीत पडला. चॅनेल होते टॉकग्रुप ९१ चे, म्हणजे ब्रँडमाइस्टरचा जागतिक गट.

त्या एका दाबाने दोन परिणाम झाले. स्लॉट तेवढ्यापुरता ९१ च्या ताब्यात गेला, आणि ९१ पुढची कित्येक मिनिटे या रिपीटरला जोडला गेला. त्यानंतर नेट कंट्रोलच्या प्रत्येक तीन सेकंदांच्या विरामात जगाच्या पाठीवरचे कुठलेसे बोलणे आत शिरू लागले. ते दोन-दोन मिनिटे चाले. तेवढा वेळ नेटचा आवाज या एका रिपीटरवर पोचतच नसे. बाकी सगळ्या रिपीटरांवर नेट सुरळीत होते, त्यामुळे नेट कंट्रोलला काही बिघडले आहे याची शंकाही येण्याचे कारण नव्हते.

आता त्या दोन केंद्रांच्या जागी बसून पाहा. त्यांच्या रेडिओतल्या ग्रहण-यादीत, म्हणजे जे टॉकग्रुप ऐकवायचे त्यांच्या यादीत, ९१ नव्हता, म्हणून ९१ वरचे बोलणे त्यांना ऐकूच येत नव्हते. स्पीकर शांत. बटण दाबले तर नकार, कारण स्लॉट खरोखर गुंतलेला होता. मग अचानक नेट कंट्रोलचे अर्धे वाक्य कानावर येई : डीएमआरमध्ये बोलणाऱ्याची ओळख आवाजाबरोबर सतत पाठवली जाते, त्यामुळे उशिरा पोचलेला रेडिओही वाक्याच्या मध्यातून ऐकू लागतो. त्या अर्ध्या वाक्यात त्यांचेच कॉलसाइन 'उत्तर नाही' असे वाचले जात होते. माणूस चिडणार नाही तर काय करील?

त्याच रिपीटरवरच्या तिसऱ्या केंद्राने प्रसारणाची अट 'नेहमी' अशी ठेवली होती. स्लॉट गुंतलेला असो वा नसो, त्याचा रेडिओ प्रसारण करीतच असे. तो दोनदा आत शिरला आणि त्याची हजेरी लागली. या प्रकरणातली मला सर्वात खटकलेली गोष्ट हीच. ज्यांनी सभ्य सेटिंग ठेवले ते गैरहजर ठरले. ज्याने दुसऱ्याच्या बोलण्यावर चढून प्रसारण केले तो हजर ठरला. पुढे काही जणांनी यावरून 'मग सगळ्यांनीच नेहमी ठेवू या' असा निष्कर्ष काढला. तो अगदी चुकीचा आहे. सगळ्यांनी तसे केले तर कोणाचाच आवाज धड पोचणार नाही.

जे ऐकू येत नाही

एफएमवर दोघे एकदम बोलले, की शिट्टीसारखा, खरखरीत आवाज येतो. ऐकणारा लगेच सांगतो, 'डबल झाले, पुन्हा बोला.' आपण कोणाच्या तरी आड आलो हे अर्ध्या मिनिटात कळते. जुना शिष्टाचार या कळण्यावर उभा आहे. म्हणूनच तो शिकवावा लागत नसे, कान शिकवत असत.

डिजिटल नेटवर्क हा आवाजच काढून टाकते. आधी पोचलेल्याला स्लॉट मिळतो, नंतर आलेल्याच्या आवाजाची डिजिटल पाकिटे सर्व्हर किंवा रिपीटर टाकून देतो. ऐकणाऱ्यांना एकच स्वच्छ आवाज येतो आणि दुसरा कोणी बोलत होता याची खूणही राहत नाही. त्यात इंटरनेटचा विलंब. दूरच्या रिपीटरवरचा माणूस बोलू लागला हे आपल्याकडे कळायला वेळ लागतो, त्या वेळात आपणही बटण दाबलेले असते.

नवख्याने नंतर जे सांगितले ते महत्त्वाचे आहे. तो म्हणाला, 'सर, दाबायच्या आधी प्रत्येक वेळी ऐकलं होतं. काहीच नव्हतं.' ते खरेच होते. 'आधी ऐका, मग बोला' हा पहिला धडा त्याने मनापासून पाळला. पण त्याचा रेडिओ ९१ वर लावलेला होता आणि प्रादेशिक टॉकग्रुप त्याच्या ग्रहण-यादीत नव्हता. त्याच स्लॉटवर नेट जोरात चालू असताना त्याच्या स्पीकरमध्ये शांतता होती. कानांनी ऐकून स्लॉट मोकळा आहे की नाही हे त्याला कळणे शक्यच नव्हते.

कळण्याचे दोन मार्ग त्याच्या हातात होते, पण ते त्याला कोणी दाखवले नव्हते. पहिला म्हणजे रेडिओवरचा दिवा. आवाज दाबलेला असला तरी संकेत येत असेल तर बहुतेक हँडसेटांवर ग्रहणाचा दिवा लागतो. दुसरा म्हणजे डिजिटल मॉनिटर : ही सोय चालू केली, की स्लॉटवरचा कुठलाही टॉकग्रुप ऐकू येतो. डीएमआरवर ऐकणे म्हणजे ग्रहण-यादीपलीकडचे ऐकणे, आणि दिव्याकडे बघणे. हे कोणी समोर बसवून शिकवल्याशिवाय माणसाला उमगत नाही.

दोन संभाषणे

नेट संपल्यावर कोणीतरी नेटवर्कच्या 'लास्ट हर्ड' नोंदी उघडल्या. या नोंदींत डीएमआर आयडी (बोलणाऱ्याचा नोंदणी-क्रमांक), रिपीटर, स्लॉट, टॉकग्रुप आणि किती सेकंद प्रसारण झाले हे सगळे दिसते. स्लॉट २ वर एकच आयडी पुन्हापुन्हा, निरनिराळे टॉकग्रुप, कालावधी सेकंदभर किंवा त्याहून कमी. मध्येमध्ये ९१ वरची लांब संभाषणे. चित्र पाच मिनिटांत स्पष्ट झाले.

पहिले संभाषण हवेतच झाले. नोंदी पाहणाऱ्याने प्रादेशिक टॉकग्रुपवर जाऊन नवख्याचा कॉलसाइन उच्चारून, सगळ्यांदेखत, 'नुसतं बटण दाबून नेट बिघडवणाऱ्यांनी आधी अभ्यास करावा' असे सुनावले. एकाने दुजोरा दिला. आणखी एकाने तो आयडी रिपीटरवरून बंद करावा अशी मागणी केली. नवख्याचा रेडिओ तेव्हा भलत्याच टॉकग्रुपवर होता, म्हणून त्याने यातले काही ऐकले नाही. त्याला ते दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच्या तोंडून कळले, अर्थात तिखटमीठ लावून. त्यानंतर काही दिवस त्याचा आयडी नोंदींत दिसला नाही.

मला ही वागणूक त्या मोकळ्या दाबांपेक्षा जास्त गंभीर वाटते. दाब अजाणता झाले होते. सुनावणे जाणून झाले, आणि तेही प्रादेशिक टॉकग्रुपवर, म्हणजे त्या गटाला जोडलेल्या प्रत्येक रिपीटरचा स्लॉट अडवून. एखाद्याची चूक दाखवायची तर ती त्यालाच आणि खासगीत दाखवावी. ती शक्य तर हवेबाहेर दाखवावी. डीएमआरवरचा खासगी कॉलसुद्धा दोन्ही टोकांचे स्लॉट व्यापतो आणि इतरांना नुसता नकाराचा सूर ऐकू येतो, म्हणून लांबलचक समजावणीला तोही योग्य नाही.

दुसरे संभाषण रिपीटरच्या मालकाने केले. आयडी बंद करण्याचा अधिकार त्याच्याकडे होता, तो त्याने वापरला नाही. नवख्याला फोन करून म्हणाला, 'तुमचा हँडसेट जवळ आहे का? ९१ चं चॅनेल लावा, आणि बटण न दाबता नुसता वरचा दिवा बघत राहा.' दोन मिनिटे दोघेही काही बोलले नाहीत. दिवा लागत-विझत होता, स्पीकर गप्प होता. 'हा दिवा म्हणजे कोणीतरी बोलतंय?' नवख्याने विचारले. 'हो. आणि तुम्हाला ते ऐकू येत नाहीये, कारण तुमच्या यादीत तो गट नाही.' एवढ्यावर अर्धे काम झाले. उरलेले अर्धे कोडप्लग दुरुस्त करण्यात गेले : बहुतेक चॅनेल काढली, राहिलेली योग्य स्लॉटवर नेली, प्रादेशिक गट ग्रहण-यादीत घातला.

चाचणी करायचीच असेल तर काय करावे, हेही तेव्हाच ठरले. ब्रँडमाइस्टरवर ९९९० हा 'पोपट' आहे. त्याला खासगी कॉल केला की तो आपलाच आवाज परत ऐकवतो. पण पोपटाशी बोलतानाही स्थानिक स्लॉट व्यापलाच जातो, तेव्हा नेटच्या वेळी तेही नको. चुकून भलताच टॉकग्रुप ओढला गेला तर ४००० वर क्षणभर दाबून तो सोडवता येतो. कोडप्लग मोठा करण्याआधी हा एक क्रमांक प्रत्येक नवख्याच्या रेडिओत घालावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

आणि कॉलसाइन. नवख्याचे म्हणणे, की आयडी आपोआप जातो, मग बोलून सांगायचे कशाला? आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) रेडिओ नियमांतील अनुच्छेद २५ नुसार हौशी केंद्राने प्रसारण चालू असताना थोड्याथोड्या वेळाने आपला कॉलसाइन पाठवायचा असतो. डीएमआर आयडी म्हणजे सात आकडी क्रमांक, तो कॉलसाइन नव्हे. त्याच्या जागी कॉलसाइन दिसतो तो ऐकणाऱ्याच्या रेडिओत किंवा संगणकात यादी भरलेली असेल तरच. पण नियमापलीकडेही कारण आहे. त्या संध्याकाळी नवखा 'अमुक कॉलसाइन, चाचणी' एवढे बोलला असता, तर त्या दोन केंद्रांपैकी डिजिटल मॉनिटर चालू करणाऱ्या कोणालाही स्लॉट कुठे गेला हे तिथल्या तिथे कळले असते. एक सेकंदाचा निनावी दाब आणि तीन सेकंदांचे नाव घेतलेले प्रसारण, यांत दुसरे जास्त वेळ घेते आणि कमी नुकसान करते.

दुरुस्ती आणि वाद

मालकाने दोन बदल केले. स्लॉट २ वर फक्त कायम जोडलेले गट ठेवले, आणि बाहेरून ओढून आणायचे टॉकग्रुप स्लॉट १ वर नेले. हँग टाइम दोन सेकंदांवरून पाचवर नेला, म्हणजे नेट कंट्रोलचा तीन सेकंदांचा विराम त्यात मावतो : नेटमधला कोणी मध्ये येऊ शकतो, दुसरा गट येऊ शकत नाही. विराम आणि हँग टाइम यांचे हे नाते दोघांनी मिळून ठरवायचे असते. एरवी नेट कंट्रोल आपल्या खोलीत आणि रिपीटरचा मालक आपल्या टेकडीवर, दोघे आपापले आकडे मनाने ठेवतात.

नेट कंट्रोलने पुकारण्याची पद्धत बदलली. उत्तर न आलेल्या केंद्राची नोंद 'अनुपस्थित' न करता 'ऐकू आले नाही' अशी करतो. शेवटी रिपीटरवार एक फेरी घेतो. एकाच रिपीटरवरची दोन केंद्रे गप्प झाली तर तो नोंदी उघडून बघतो. हे शेवटचे मला सर्वांत मोलाचे वाटते. माणूस गप्प आहे की वाट बंद आहे, हा फरक डिजिटल नेटवर्कवर आवाजावरून करता येत नाही, नोंदीवरून करता येतो.

स्लॉट १ वर ९१ नेल्यावर मात्र नवा वाद उठला. काहींनी म्हटले, जागतिक गट बंदच करा. एक जण तिथे तासभर गप्पा मारतो आणि देशोदेशीच्या रिपीटरांचे स्लॉट गुंततात. तक्रार रास्त आहे. ९१ वर दाबलेले बटण शेजारच्या माणसाशी बोलण्यासाठी असले, तरी त्यासाठी कुठल्या कुठले ट्रान्समीटर चालू होतात. पण उपाय बंदीचा नाही. जागतिक गट हाक मारण्यासाठी वापरावा, भेट झाली की दोघांनी कमी पसाऱ्याच्या गटावर जावे. दोघेही एकाच रिपीटरच्या टप्प्यात असतील तर स्थानिक टॉकग्रुप ९ पुरतो. नवा माणूस याच गटावर पहिल्यांदा दूरच्या देशातला आवाज ऐकतो आणि या छंदाला चिकटतो. तो दरवाजा आपल्या सोयीसाठी लावून घेणे मला मान्य नाही.

नवखा परत आला. पुढच्या नेटला त्याने रिपीटरवरून हजेरी लावली. त्याला सुनावणाऱ्याने हवेत माफी मागितली नाही, पण फोन केला असे कळते.

वगळले गेलेल्या दोघांपैकी एक रिपीटरवर परतला. दुसऱ्याने स्वतःचा हॉटस्पॉट (रेडिओला घरच्या इंटरनेटवरून नेटवर्कशी जोडणारा छोटा ट्रान्समीटर) घेतला आणि आता तो घरूनच, दहा-वीस मिलिवॅटवर, थेट प्रादेशिक गटाला जोडून नेटमध्ये येतो. त्याची हजेरी नियमित लागते. पण नेटच्या रात्री त्या रिपीटरवरचा एक आवाज कमी झाला, आणि मालकाला ते लागले आहे. त्याने त्या केंद्राला परत येण्याचा आग्रह केलेला नाही. एवढेच विचारले आहे, की हॉटस्पॉट कोणत्या वारंवारतेवर ठेवला आहे, कारण ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झ हा पट्टा हौशी उपग्रहांचा आहे आणि तिथे घरातला छोटा ट्रान्समीटरही शेजारच्या उपग्रह-श्रोत्याला नडतो. उत्तर अजून आलेले नाही.